धर्मग्रामात व्हिन्सेंट डी पॉलचं काम सुरू करताना: नव्या सभासदांसाठी

दर रविवारी मिस्सेत आपण गरिबांसाठी प्रार्थना करतो. त्याच धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) हद्दीत आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचं औषध संपलंय, कुणाची पोर शाळेत जायची थांबली, हे जाऊन बघायचं काम मात्र कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, आपल्या बोलण्यात एस.व्ही.पी., त्यासाठीच आहे. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, पापडी अशा जुन्या धर्मग्रामांपासून नालासोपारा-विरारच्या नव्या वस्त्यांपर्यंत नवी माणसं या कामात येतात. उत्साह भरपूर असतो, पण पहिले काही महिने नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. वसईच्या किनारपट्टीवर हे काम करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम नावाच्या वीस वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांबरोबर ही संस्था सुरू केली. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता, असा सवाल त्यांना भर चर्चेत विचारला गेला होता. ही मुलं सिस्टर रोझली रांदू यांच्याकडे गेली. सिस्टर पॅरिसच्या अत्यंत गरीब वस्तीत काम करायच्या. त्यांनी मुलांना गरजू कुटुंबांचे पत्ते दिले आणि घरी कसं जायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. ओझानम यांना १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धन्य घोषित केलं. हे सांगायचं कारण एवढंच की संस्थेची सुरुवात पत्त्यापासून आणि घरभेटीपासून झाली. वाटप हा त्याचा एक भाग आहे. नव्या सभासदांचं सगळं लक्ष वाटपाकडे जातं आणि तिथेच काम रुळावरून घसरतं.

१. आधी कुणाकुणाशी बोलायचं

तुमच्या धर्मग्रामात एस.व्ही.पी.ची कॉन्फरन्स आहे का, ते प्रमुख धर्मगुरूंना विचारा. (स्थानिक गटाला कॉन्फरन्स म्हणतात.) असेल तर नवा गट काढू नका, तिथेच सामील व्हा. नसेल तर फादरांची परवानगी घ्या आणि धर्मप्रांताच्या सेंट्रल कौन्सिलला (कॉन्फरन्सवर देखरेख करणाऱ्या समितीला) कळवा. तिथले जुने सभासद पहिल्या बैठकीला येऊन पद्धत दाखवतात. काही काळ नियमित काम झालं की कॉन्फरन्सची रीतसर संलग्नता मिळते.

सुरुवातीला पाच-सहा माणसं पुरतात. त्यात बायका हव्यातच. अनेक घरांत पुरुष सभासदांसमोर खरी अडचण बोललीच जात नाही. सरकारी कचेरीत नोकरी केलेलं एखादं निवृत्त माणूस आणि मोबाइलवर फॉर्म भरू शकणारी दोन तरुण मुलं मिळाली तर फारच उत्तम. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडा. आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून फादर किंवा सिस्टर असतात, पण प्रत्येक निर्णय त्यांच्यावर ढकलू नका. हे प्रापंचिक माणसांनी चालवायचं काम आहे.

२. बैठक

आठवड्याला, नाहीतर पंधरवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. तासाभरात संपवा. क्रम साधा असतो: प्रार्थना, शुभवर्तमानाचं छोटं वाचन, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, भेटींचे अहवाल, नव्या विनंत्या, निर्णय, गुप्त दान, शेवटची प्रार्थना.

गुप्त दानाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बैठक संपत आली की तोंड आवळलेली कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ बंद करून हात आत घालतो. कुणी पाचशे टाकतो, कुणी दहा, कुणाकडे त्या आठवड्यात काहीच नसतं आणि तोही तसाच हात घालून काढतो. रिक्षा चालवणारा आणि बँकेतून निवृत्त झालेला शेजारी शेजारी बसून हे करतात. ही पद्धत ‘ऑनलाइन वर्गणी’ काढून बंद करू नका. दुसऱ्याच्या गरिबीबद्दल निर्णय घेणाऱ्या माणसांमध्ये पैशावरून उच्च-नीच राहू नये म्हणून ती आहे.

कुटुंबांची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. बैठकीची वेळ कळवण्यापुरता ग्रुप ठीक. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाला टीबी आहे, हे ग्रुपवर टाकलं की ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

३. वह्या आणि पैसे

पहिल्या दिवसापासून एवढं हवं:

- इतिवृत्ताची वही
- रोकड वही आणि छापील, क्रमांक असलेलं पावती पुस्तक
- भेटींची नोंदवही, प्रत्येक कुटुंबासाठी वेगळी पानं
- बिलं लावायची फाइल
- बँक खातं, दोघांच्या सहीने चालणारं

खातं कुणाच्याही वैयक्तिक नावावर नको. ते कुठल्या ट्रस्टखाली, कुठल्या नावाने काढायचं हे फादर आणि सेंट्रल कौन्सिलला विचारून ठरवा. खजिनदाराच्या मोबाइलचा क्यूआर कोड चर्चच्या दारात लावायचा मोह अनेकांना होतो. माणूस कितीही सचोटीचा असला तरी पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, पुढे हिशेब जुळत नाही आणि कारण नसताना त्याच्यावर संशय येतो.

दुसरा सापळा परदेशातल्या पैशांचा. आपल्याकडे घरटी कुणीतरी बाहेर आहे. कॅनडाचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलेला भाचा प्रेमाने पैसे पाठवू बघतो. परदेशी नागरिकाकडून, मग तो मूळचा वसईचा आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्डधारक का असेना, दान घ्यायचं तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणी नसताना लहान रक्कमही घेऊ नका. आखातात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टधारक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो परदेशी स्रोत धरला जात नाही. शंका आली तर आधी सीएला विचारा, मग पैसे घ्या. करसवलतीची पावतीही तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, त्यामुळे दात्याला तोंडी आश्वासन देऊन बसू नका.

४. कुटुंबं कशी सापडतात

चर्चच्या ऑफिसात येऊन मागणारे सर्वांत गरजू असतातच असं नाही. खरी अडलेली माणसं लाजेने येत नाहीत. त्यांची माहिती आशाताईंना असते, अंगणवाडीच्या बाईंना असते, रेशन दुकानदाराला असते, लघु ख्रिस्ती समूहाच्या (धर्मग्रामातल्या शेजारी कुटुंबांच्या गटाच्या) झोन प्रमुखांना असते. त्यांच्याशी ओळख ठेवा.

आपल्या भागातली गरिबी बाहेरून ओळखू येत नाही. वाडीत कौलारू मोठं घर, दारात विहीर, मागे केळीची बाग, आणि आत एकटी राहणारी म्हातारी, जिच्या हातात महिन्याला काहीच येत नाही. जमिनीवर भावाभावांची कोर्टकचेरी चालू, म्हणून विकताही येत नाही. ‘त्यांना काय कमी आहे’ असं सगळं गाव म्हणतं. उलट बाजूला वीटभट्टीवरची कुटुंबं. जव्हार-मोखाड्याकडून दिवाळीनंतर येतात, पावसाळ्याआधी परत जातात, मुलांची शाळा मधल्यामध्ये सुटते. ती आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत राहतात, पण आपल्या कुठल्याच यादीत नसतात.

यादीवरून आठवलं: प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून वाचा. पहिल्या ख्रिस्ती समूहात तक्रार झाली ती रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वगळलं जातं म्हणून. प्रेषितांनी ती तक्रार खरी मानली आणि त्या कामासाठी सात माणसं निवडली. तुमच्या यादीत फक्त ओळखीच्यांची, एकाच पाड्याची किंवा एकाच बोलीची नावं दिसू लागली तर तिथेच थांबून यादी पुन्हा करा.

मदत करताना धर्म विचारायचा नाही. कुणाला मदतीच्या बदल्यात चर्चला यायला सांगायचं नाही, पत्रकं द्यायची नाहीत, न मागता प्रार्थना करायला बसायचं नाही. हे केवळ आजच्या वातावरणाला घाबरून नव्हे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की दयाकार्य हे धर्मप्रसाराचं साधन म्हणून वापरायचं नसतं. समोरच्याने स्वतःहून प्रार्थना मागितली तर जरूर करा.

५. पहिली भेट

दोघांनी जायचं. एकट्याने कधीही नाही, आणि घरात लहान मुलं एकटी असतील किंवा बाई एकटी असेल तर जोडीत एक बाई हवीच. जेवणाच्या वेळी जाऊ नका. रोजंदारीवर जाणाऱ्यांकडे संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दुपारी जा. पहिल्या भेटीत हातात पिशवी नेऊ नका. पिशवी घेऊन गेलात की बोलणं पिशवीभोवतीच राहतं आणि शेजारीही दारात येऊन उभे राहतात.

बसा म्हटलं की बसा, खाली चटईवर बसायला सांगितलं तर चटईवर. चहा विचारला तर घ्या. त्या घराला तुम्हाला काहीतरी देता यावं, हे फार मोलाचं आहे. ‘मावशी, तब्येत काय म्हणते?’ इथून सुरुवात करा. कमाई किती, कर्ज किती, नवरा कुठे असतो, हे पहिल्याच दिवशी विचारू नका. समोर वही उघडून लिहू नका.

विचारण्यापेक्षा बघण्यातून जास्त कळतं. एका आजींच्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. दोन-दोन गोळ्यांचे तुकडे कात्रीने कापून डब्यात ठेवलेले. त्यांनी सांगितलं, औषध चालू आहे, डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळं खरंच होतं. गोळी मात्र एक दिवसाआड घेतली जात होती, कारण पट्टी महिनाभर पुरवायची होती. ‘औषध घेता का?’ एवढंच विचारलं असतं तर उत्तर ‘हो’ मिळालं असतं. म्हणून औषधाची पट्टी हातात घेऊन बघा, त्यावर किती गोळ्या उरल्यात ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या तारखेशी ताडून बघा. पासबुक दाखवलं तर शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. विजेचं बिल, छताचे पत्रे, मुलांची दप्तरं, पाणी कुठून भरतात, हे सगळं न विचारता दिसतं.

जागच्या जागी कसलंही वचन देऊ नका. ‘बैठकीत मांडतो, अमुक दिवसापर्यंत येऊन सांगतो,’ असं म्हणा आणि त्या दिवशी खरंच जा, उत्तर ‘नाही’ असलं तरी जा. नोंद त्याच रात्री घरी बसून लिहा. फोटो काढू नका. दात्याने मागितला तरी काढू नका. मुलांचे तर नाहीच नाही.

६. काय द्यायचं, कसं द्यायचं

धान्य हे सर्वांत सोपं, म्हणून सगळे तेच देतात. आधी बघा, रेशन मिळतंय का. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं. ते मिळत असेल तर आपला तांदूळ नकोच. तेल, डाळ, साबण, सॅनिटरी पॅड, गॅस सिलेंडर यांची गरज जास्त असते. सामान पॅकेट बांधून न देता ओळखीच्या वाण्याकडे ठरावीक रकमेची चिठ्ठी द्या. बाई आपल्याला हवं ते घेते.

औषधाचे पैसे मेडिकलवाल्याला थेट द्या. शाळेची फी शाळेच्या नावाने चेकने द्या, पावती मुलाच्या नावाची घ्या आणि ती पालकांच्या हाती द्या. रोख पैसे अगदी क्वचित, बैठकीत ठरवून.

कर्ज फेडायला पैसे मागितले जातात, आणि हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. आठवड्याच्या हप्त्याची दोन-तीन कर्जं एका बाईच्या नावावर असतात, एक फेडायला दुसरं काढलेलं. एक हप्ता आपण भरला तर पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न उभा. सगळ्या कर्जांची पासबुकं एकत्र मांडून, कुठलं आधी संपवायचं हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा आणि बँकेतल्या माहीतगार माणसाला सोबत घ्या. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर मोनीस यांनी बॅसीन कॅथलिक बँकेची सहकारी तत्त्वावर सुरुवात केली. कर्ज हा ख्रिस्ती समाजाने एकत्र येऊन सोडवायचा प्रश्न आहे, ही समज आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

जुने कपडे गोळा करायची घोषणा विचारपूर्वक करा. फाटके, डागाळलेले कपडे चर्चच्या हॉलमध्ये ढिगाने येऊन पडतात आणि ते निवडण्यात तुमचा महिना जातो. धुतलेले, इस्त्री केलेले, ठरावीक मापाचेच स्वीकारू असं आधीच जाहीर करा.

मदतीचं वर्षही समजून घ्या. नाताळात आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) पैसे येतात, पण खरी ओढाताण जून-जुलैत असते. शाळेचा खर्च, गळकं छत, नाक्यावर काम नाही, मिठागरं बंद, मासेमारी बंद. त्यामुळे प्रायश्चित्तकाळात जमलेला निधी तेव्हाच संपवू नका. मेच्या मध्यापर्यंत ताडपत्र्या पोचल्या पाहिजेत. पहिला पाऊस झाल्यावर त्यांचा भावही वाढलेला असतो आणि घरातलं धान्यही भिजलेलं असतं.

७. हक्काचं मिळवून द्या

आपण महिन्याला पाचशे रुपयांचं सामान देतो, आणि त्याच घराला सरकारकडून मिळू शकणारे दीड हजार रुपये, कागद नाहीत म्हणून, येत नाहीत. माझ्या मते या कामात नव्या सभासदांनी सर्वाधिक वेळ इथे घालवावा. कंटाळवाणं आहे, रांगा आहेत, फेऱ्या आहेत. गरिबाला या फेऱ्या परवडत नाहीत, कारण प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. आपल्याला परवडतात.

संजय गांधी निराधार योजना ६५ वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी अशांसाठी आहे. श्रावणबाळ योजना ६५ आणि त्यावरच्या वृद्धांसाठी. महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे २१ हजार आहे (दिव्यांगांसाठी रक्कम आणि मर्यादा दोन्ही जास्त आहेत), आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून. कागद हे:

- आधार कार्ड
- रेशन कार्ड
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासाचा दाखला
- वयाचा पुरावा
- आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक
- विधवेसाठी पतीचा मृत्यूदाखला, दिव्यांगांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त अडतं ते नावावरून. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं, रेशन कार्डावर माहेरचं आडनाव. डिसोजा तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. अर्ज भरण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं एका कोऱ्या पानावर शेजारी शेजारी लिहून बघा आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. जन्मदाखला नसेल तिथे चर्चच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो का, ते सेतू केंद्रात विचारा.

पेन्शन सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून, केवायसी राहिली म्हणून पैसे थांबतात आणि म्हाताऱ्या माणसाला ते महिनोन्‌महिने कळत नाही. प्रत्येक भेटीत पासबुक भरून आणायची सवय लावा. परप्रांतातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांचं रेशन कार्ड गावचं असलं तरी ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे इथल्या दुकानात धान्य घेता येतं, हे दुकानदाराशी स्वतः जाऊन बोला.

खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी दलाल सुचवला तर नकार द्या.

८. दवाखान्याचा प्रसंग

रात्री फोन येतो, ‘अ‍ॅडमिट केलंय, वीस हजार भरा म्हणतात.’ पैसे गोळा करण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, ते हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि हे दाखल करतानाच करा. बिल भरून घरी आल्यावर काही होत नाही.

दोन, हॉस्पिटल धर्मादाय आहे का. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

तीन, रुग्णासोबत कोण आहे. बहुतेक वेळा बायको वॉर्डात आणि मुलं शेजाऱ्यांकडे. मुलांच्या जेवणाची सोय, रात्री थांबायला माणूस, घरी परतायला रिक्षा, एवढं केलं तरी त्या घरावरचं ओझं पुष्कळ उतरतं. पैसे इतर ठिकाणांहूनही येतात. रात्री थांबणारा माणूस शेजारपाजारच्या माणसांतूनच मिळतो.

९. कुटुंब दत्तक घेणं, आणि सोडणं

कॉन्फरन्स काही कुटुंबं दत्तक घेते, म्हणजे दर महिन्याला ठरावीक मदत आणि नियमित भेट. आपली माणसं किती आहेत ते बघून कुटुंबं घ्या. एका जोडीने तीन-चारहून जास्त घरं घेऊ नयेत, नाहीतर भेट म्हणजे दारातून पिशवी देणं एवढंच उरतं.

दत्तक घेतानाच काय साध्य झालं की मदत कमी करायची, हे त्या कुटुंबाशी बोलून ठरवा: मुलगा आयटीआय पूर्ण करून कामाला लागला, पेन्शन सुरू झाली, शिवणयंत्रावर महिन्याला पुरेसं मिळू लागलं. मग मदत एकदम न तोडता दोन-तीन महिन्यांत कमी करत आणा आणि भेटी मात्र चालू ठेवा. एकट्या वृद्धांच्या बाबतीत ‘स्वावलंबन’ वगैरे भाषा वापरू नका. तिथे शेवटपर्यंत जायचं असतं, अंत्यविधीला उभं राहायचं असतं.

दारू पिणाऱ्या घराचं काय करायचं, हा वाद प्रत्येक बैठकीत होतो. मदत बंद केली तर उपाशी राहतात ती मुलं, पिणारा नाही. अशा घरी रोख नको, शाळेची फी आणि वाण्याची चिठ्ठी चालू ठेवा, आणि त्या माणसाशीही बोलणं सोडू नका.

१०. धर्मग्रामाला सामील करून घेणं

पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून नोव्हेंबरमध्ये पाळला जातो, आणि २७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचा सण असतो. या दोन दिवसांच्या आसपास फादरांकडून मिस्सेनंतर पाच मिनिटं मागून घ्या. कुणाचंही नाव न घेता हिशेब सांगा: किती आले, कशावर गेले, किती उरले. त्यानंतर पैसे मागू नका, माणसं मागा. आठवड्यातून एक संध्याकाळ देणारी नर्स, तहसील कचेरीत सोबत येणारे काका, दहावीच्या मुलांना गणित शिकवणारी कॉलेजची मुलगी.

दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना भेटींना न्यायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, एका घरी एकच मूल न्या, आणि परत येताना त्याने काय पाहिलं ते त्याला बोलू द्या. गरीब दाखवायला सहल काढल्यासारखं पंधरा मुलांना एका झोपडीत नेऊ नका.

नव्या सभासदाने पहिले तीन महिने जुन्या सभासदाबरोबरच भेटी द्याव्यात. कुणी गाव सोडून जात असेल तर त्याची घरं बैठकीत नावानिशी दुसऱ्या जोडीकडे सोपवा, आणि निदान एकदा दोघांनी मिळून त्या घरी जाऊन ओळख करून द्या. नाहीतर आजी नेहमीच्या वारी दाराकडे डोळे लावून बसतात.

पहिल्या बैठकीला येताना एक वही आणि पेन आणा. आपल्या पाड्यात कुणाकडे आधी जावं असं वाटतं, अशी दोन नावं मनाशी ठरवून या.